वावडे, तपासणी आणि पथ्य
(देणगीदार व रुग्णांच्या आप्तेष्टांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात आम्ही आपणांपुढे जमाखर्चाचा आढावा मांडतो. यंदा तो लेखापरीक्षकांच्या दाखल्यासह अहवालाच्या उत्तरार्धात छापलेला आहे. त्याचे वाचन करण्याऐवजी एकाच विषयावर बोलण्याची अनुज्ञा विश्वस्त मंडळाने आम्हांस दिली आहे. निमित्त असे घडले की, रुग्णालयाच्या एका जुन्या हितचिंतकांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ भरीव देणगी देऊ केली. रक्ताच्या एकाच नमुन्यावरून दोनशेच्या वर खाद्यपदार्थांची ॲलर्जी सांगणारी यंत्रसामग्री तीतून घ्यावी, अशी त्यांची इच्छा होती. मंडळाने देणगी कृतज्ञतापूर्वक स्वीकारली. यंत्रसामग्री मात्र नको, असे नम्रपणे कळविले. त्यावर दोन बैठका झाल्या. देणगीदार महोदयांनी आमच्या डॉक्टरांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि विनियोग बदलण्यास लेखी संमती दिली. असे का झाले, हे जाणून घेण्याचा अधिकार आपणां सर्वांना आहे, आणि ज्यांच्या घरी ॲलर्जीचा रुग्ण आहे त्यांच्या तर ते प्रत्यक्ष उपयोगाचे आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. पुढे जे सांगणार आहोत ते रुग्णालयाच्या बालरोग, त्वचारोग व श्वसनविकार विभागांतील डॉक्टरांकडून ऐकलेले आणि त्यांनी तपासून दिलेले आहे. आमचे म्हणून त्यात काही असलेच, तर ती हिशेबनिसाची नजर.

आपल्या भाषेत ‘वावडे’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. कोणाला वांग्याचे वावडे असते, कोणाला कोळंबीचे, आणि कोणाला कामाचेही. पण ही सोयच घोटाळ्याचे मूळ आहे, कारण या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळ्या गोष्टी नांदतात. पेलाभर दूध प्यायल्यावर ज्याचे पोट फुगते, त्याच्या आतड्यात दुधातील साखर पचविणारे द्रव्य अपुरे असते. शरीराच्या संरक्षक यंत्रणेचा येथे काही संबंध नाही, आणि अशा पुष्कळांना दही-ताक सुखाने चालते. ही ॲलर्जी नव्हे. दुसरा प्रकार विषबाधेचा. एकदा किनारपट्टीवरील एकाच घरचे चौघेजण संध्याकाळच्या वेळी आमच्या तातडीच्या विभागात आले. चौघांचे चेहरे लालबुंद, डोकी ठणकत होती आणि अंगावर गांधी उठल्या होत्या. दुपारी चौघांनी एकाच पातेल्यातील बांगड्याचे कालवण खाल्ले होते. एका घरात चौघांना एकाच दिवशी ॲलर्जी जडावी, हे संभवत नाही. म्हणून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मासा कोठून आणला आणि तो बर्फात होता काय, हा. बांगडा, कुपा यांसारखे मासे पकडल्यानंतर पुरेसे थंड ठेवले नाहीत, तर जिवाणूंमुळे त्यांच्या मांसात हिस्टामिन साठते, आणि शिजवून वा तळून ते नाहीसे होत नाही. खऱ्या ॲलर्जीत शरीर जे द्रव्य स्वतः सोडते, तेच येथे ताटातून पोटात जाते. त्या चौघांनी आयुष्यभर मासा वर्ज्य करण्याचे काही कारण नव्हते. तिसरा प्रकार निव्वळ नावडीचा; त्यावर रुग्णालयात उपचार नाहीत. उरला चौथा, म्हणजे खरी ॲलर्जी. आजचे बोलणे तिच्याविषयी आहे.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. त्यापूर्वी चार वर्षे, १९०२ मध्ये, फ्रान्सचे शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदविली होती. सागरी प्राण्याचे विष कुत्र्यांना टोचून ते विषाला सरावतात काय, हे ते पाहत होते. काही आठवड्यांनी त्याच कुत्र्यांना अल्प मात्रा पुन्हा टोचली असता ती काही मिनिटांत दगावली. पहिल्या भेटीने संरक्षण मिळावयाचे, ते येथे उलटे झाले होते. या प्रकारास त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले आणि रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९२१ साली जर्मनीतील दोन डॉक्टरांचा प्रयोग तर कथेत शोभावा असा आहे. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजविलेल्या माशाची ॲलर्जी होती. कार्ल प्राउस्नित्झ यांना ती नव्हती. क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव प्राउस्नित्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांध उठली. याचा अर्थ, ॲलर्जी रक्तातील कोणत्या तरी द्रव्यातून वाहते. ते द्रव्य हाती लागण्यास मात्र १९६६-६७ हे साल उजाडावे लागले. अमेरिकेत काम करणारे इशिझाका पतिपत्नी आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधले, आणि १९६८ मध्ये त्यास आय-जी-ई हे नाव मिळाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, आज ॲलर्जीच्या ज्या तपासण्यांना शास्त्राचा आधार आहे, त्यांतील बहुतेक या आय-जी-ईचाच माग काढतात. एखाद्या पदार्थाविरुद्ध हे द्रव्य तयार झाले की ते विशिष्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या वेळी तोच पदार्थ शरीरात गेला की त्या पेशी हिस्टामिन आदी द्रव्ये एकदम सोडतात. म्हणून खाण्याची खरी ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत प्रकट होते. आठवड्याने आलेली खाज किंवा महिन्यामागचा थकवा तिच्या माथी मारता येत नाही.

मात्र रक्तात आय-जी-ई सापडणे आणि ॲलर्जी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आमच्या व्यवसायातील उपमा द्यावयाची तर, तपासणीचा होकार ही उचंत खात्यातील नोंद होय. रक्कम आली एवढे कळते. ती कोणाची व कशापोटी, हे प्रमाणक हाती आल्याखेरीज कोणत्याही खात्यावर खतविता येत नाही. ॲलर्जीच्या बाबतीत ते प्रमाणक म्हणजे रुग्णाची हकीकत. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने काय झाले, पुन्हा खाल्ल्यावर तसेच झाले काय, आणि तोच पदार्थ कधी विनातक्रार पचला आहे काय? कर्नाटकातील प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाविरुद्ध आय-जी-ई आढळले. पण हकीकत व तपासणी यांचा मेळ बसून ॲलर्जी संभवनीय ठरली ती केवळ १.२ टक्का लोकांत. ढोबळमानाने, कागदावर ठरणाऱ्या बावीस जणांमागे एक. उरलेल्या एकवीस जणांनी कागद पाहून ताटातील पदार्थ वगळले असते, तर ते कोणत्या व्याधीसाठी?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. एका तालुक्याच्या गावाहून चार वर्षांच्या नातवाला घेऊन एक आजी आल्या होत्या. बाळाला इसब होते, आणि त्यासाठी कोठेतरी केलेल्या तपासणीचा कागद त्यांच्यापाशी होता. त्यात दूध, गहू, तूरडाळ, हरभरा, शेंगदाणा, वांगे, टोमॅटो, केळे व काजू यांसह तीसहून अधिक नावांपुढे तांबडी खूण होती. घरच्यांनी ते सर्व निष्ठेने बंद केले. सात महिने बाळ भात, मुगाचे पाणी आणि दुधी भोपळा यांवर होते. इसब होते तसेच होते आणि वजनाचा काटा हलत नव्हता. आजींनी रोजच्या जेवणाची वही ठेवली होती. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी ती वही पानोपान वाचली आणि पाऊण तास प्रश्न विचारले. कागद येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बाळ रोज दूध पीत होते, पोळी खात होते, वरण-भात खात होते आणि त्याला काही होत नव्हते. एक प्रसंग मात्र आजींना लख्ख आठवत होता. दिवाळीत काजूकतलीचा तुकडा तोंडात घातल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजले होते आणि भडभडून उलटी झाली होती.

मग तीस नव्हे, चारच पदार्थांची त्वचाचाचणी झाली. ही चाचणी साधी आहे. हाताच्या आतील बाजूस अर्काचा एकेक थेंब ठेवून त्यातून त्वचेला अगदी वरवर टोचतात. रक्त येत नाही. शेजारी एक थेंब हिस्टामिनचा व एक साध्या क्षारजलाचा असतो, म्हणजे त्वचा प्रतिसाद देते आहे की नाही, याचा ताळा घेता येतो. पंधरा-वीस मिनिटांनी गांधीचे माप घेतात. क्षारजलाच्या तुलनेत ती तीन मिलिमीटर वा अधिक मोठी असेल, तर होकार समजतात. (सर्दी-खाजेच्या गोळ्या चालू असतील तर चाचणी खोटा नकार देते. त्या किती दिवस आधी थांबवावयाच्या, हे डॉक्टरांना विचारावे. मनाने थांबवू नयेत.) या चाचणीचा नकार पुष्कळ भरवशाचा असतो, होकार तितका नसतो. बाळाच्या हातावर काजूची गांध मोठी उठली, दुधाची व गव्हाची बारीक.

दूध व गहू यांचा निकाल कोणत्याच कागदाने लागणार नव्हता. तो लागतो खाऊ घालून. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे हाताशी ठेवून, पदार्थाची अत्यल्प मात्रा द्यावयाची, ठरावीक वेळ थांबावयाचे आणि मात्रा क्रमाने वाढवीत नेहमीच्या वाटीपर्यंत जावयाचे. जगभर हीच अन्नाच्या ॲलर्जीची अंतिम कसोटी मानली जाते. ती घरी करावयाची नसते. इसब असलेल्या मुलाचा एखादा पदार्थ दीर्घकाळ बंद ठेवला, तर पूर्वी सोसणारा तो पदार्थ पुढे खरोखरच बाधू शकतो. विनाकारण पथ्याचा हा सर्वांत मोठा धोका. बाळाला एका दिवशी दूध दिले, पुढच्या आठवड्यात गहू. काही झाले नाही. डाळी, केळे, टोमॅटो हळूहळू परत आले. काजू वर्ज्य राहिला आणि त्याच कुळातील पिस्ताही. इसबावर मलमाचे रीतसर उपचार सुरू झाले. आजींनी वही पुढे चालू ठेवली आहे. आता तिच्यात वजनाचे आकडे असतात.

देऊ केलेल्या यंत्रसामग्रीविषयी आता स्पष्ट बोलावयास हवे. दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या अशा तपासण्यांपैकी पुष्कळ तर आय-जी-ईसुद्धा मोजत नाहीत. त्या आय-जी-जी नावाचे दुसरे द्रव्य मोजतात. ते बहुतेक निरोगी माणसांत असते आणि तो पदार्थ आपण खात आलो आहोत, याची केवळ पोच देते. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी ही तपासणी करू नये, असे जाहीर केले. अमेरिका व कॅनडा येथील तज्ज्ञसंस्थांचे मतही तेच आहे. प्रशासक म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ही तपासणी उत्पन्न देणारी होती. एका नमुन्यामागे मिळणारी रक्कम आणि लागणारा वेळ यांचे कोष्टक आम्ही स्वतः मांडले होते आणि ते आकर्षक होते. उलट पाऊण तास हकीकत ऐकणाऱ्या डॉक्टरांच्या वेळाला देयकात वेगळी ओळ नसते. तरीही मंडळाने एकमताने जो निर्णय घेतला, तो या सभेपुढे मांडताना आम्हांस समाधान वाटते.

पथ्याबाबत लोकांच्या मनात जी घट्ट समजूत आहे, तिला अलीकडे मोठा धक्का बसला आहे. एके काळी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना ॲलर्जीचा संभव असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असे सांगत असे. २००० साली दिलेला हा सल्ला २००८ मध्ये मागे घेण्यात आला. पुढे २०१५ साली लंडनमधील गिडियन लॅक व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र इसब वा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० तान्ही बालके त्यात होती. काहींना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, काहींना कटाक्षाने टाळले. त्वचाचाचणी नकारात्मक असलेल्या मुलांपैकी, पाचव्या वर्षी, टाळणाऱ्यांत १३.७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत १.९ टक्के. आमच्याकडील मातांना यातून सांगावयाचे ते इतकेच की, वरचे अन्न सुरू झाल्यावर भीतीपोटी पदार्थ पुढे ढकलू नयेत. तीव्र इसब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. आणि दाणा कधीही अख्खा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बारीक कूट पेजेत कालवून द्यावे.

ज्यांची ॲलर्जी खरी ठरली आहे, त्यांचे पथ्य मात्र काटेकोर हवे, आणि ते स्वयंपाकघरात सांभाळावे लागते. मराठी घरात शेंगदाण्याचे कूट कोशिंबिरीपासून उपवासाच्या खिचडीपर्यंत कोठेही असते. कोकणात सोडे आणि जवळा वांग्याच्या भाजीत वा वालाच्या आमटीत असे मिसळतात की, पाहुण्याला पत्ता लागत नाही. कोळंबीतील ॲलर्जी आणणारे प्रमुख प्रथिन ट्रोपोमायोसिन. ते शिजवून नष्ट होत नाही, आणि संवेदनशील माणसाला कोळंबी उकळतानाच्या वाफेनेही दम लागू शकतो. त्याच जातीचे प्रथिन झुरळांत व गादीतील धुळीच्या सूक्ष्म किड्यांतही असते. म्हणून धुळीने शिंका येणाऱ्या काहींचा कोळंबीचा कागद होकारार्थी येतो, जरी ते कोळंबी सुखाने खात असले तरी. तळणीचे तेल एकच असेल तर कोळंबी तळलेल्या तेलातील बटाटेवडाही निर्दोष राहत नाही. पळी, चाळणी, खलबत्ता यांचेही तेच. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचा अंश राहतो; पूर्ण शुद्धीकरण झालेल्या तेलात तो नगण्य असतो. गाईचे दूध बाधणाऱ्या बाळाला शेळीचे द्यावे, हा आजीबाईंचा सल्ला प्रेमाचा असला तरी धोक्याचा आहे. दोन्हींतील प्रथिने इतकी सारखी आहेत की, बहुतेकांना तेही बाधते. दिलासा असा की, दूध व अंडे यांची ॲलर्जी बहुसंख्य मुलांत वाढत्या वयाबरोबर मावळते. म्हणून ठरावीक काळाने फेरतपासणीस यावे. बालपणीचे पथ्य जन्मभराचे मानू नये.

बाजारातील पुडक्यांविषयी थोडेसे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे. तीळ व मोहरी युरोपच्या यादीत आहेत, आपल्या या यादीत नाहीत. हरभरा तर कोठेच ठळक नाही. तेव्हा ज्यांना यांपैकी काही बाधते, त्यांनी घटकांची सबंध ओळ वाचावी. हलवायाच्या सुट्या मिठाईवर काहीच लिहिलेले नसते. तेथे विचारणे हाच उपाय.

आता सर्वांत महत्त्वाचे. कितीही जपले तरी चूक होते, आणि तीव्र ॲलर्जीत मिनिटे मोजावी लागतात. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावण्याची आपल्याकडे रीत आहे. नुसत्या चार गांधी असतील तर खुशाल लावावे. परंतु आवाज घोगरा झाला, घसा आवळल्यासारखा वाटू लागला, दम लागला, छातीत शिटीसारखा आवाज येऊ लागला, वारंवार उलट्या होऊन माणूस निस्तेज पडला, घेरी आली, तर तो ॲनाफिलॅक्सिस समजावा. एका लग्नाच्या मांडवातून तरुण मुलाला आमच्याकडे आणले, तेव्हा कोळंबी खाऊन पंचवीस मिनिटे झाली होती. सोबतच्या मंडळींनी त्याला लिंबूपाणी पाजले होते, एकाने खिशातील सर्दीची गोळी दिली होती आणि बरे वाटेल म्हणून मोकळ्या हवेत चालविले होते. येथे आला तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. परिचारिका भगिनींनी स्थायी आदेशानुसार मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले, पाय उंच केले, प्राणवायू व सलाइन सुरू केले; दुसरी मात्राही द्यावी लागली. तो वाचला. गोळीने गांधी मावळतात. बंद होऊ लागलेला श्वासमार्ग उघडण्याचे किंवा कोसळणारा रक्तदाब सावरण्याचे काम तिचे नव्हे. ते काम ॲड्रेनलिनचे, आणि ते मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस स्नायूत, विलंब न करता द्यावयाचे. अशा रुग्णाला आडवे ठेवावे, दम लागत असेल तर टेकवून बसवावे. उभे करू नये, चालवू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे, कारण लक्षणे उलटून येऊ शकतात.

आमच्या औषधभांडाराच्या खरेदीपत्रकात ॲड्रेनलिनची कुपी ही सर्वांत स्वस्त ओळींपैकी एक आहे. परदेशांत रुग्ण स्वतःला टोचून घेऊ शकेल असे तयार उपकरण खिशात बाळगतात. ते आपल्याकडे सहजी मिळत नाही आणि मिळाले तर सामान्य कुटुंबाला परवडत नाही. म्हणून निवडक कुटुंबांना डॉक्टर कुपी, सिरिंज व मात्रेची चिठ्ठी असा संच देऊन तो वापरण्याचा सराव करवून घेतात. नवी औषधेही येत आहेत. ओमालिझुमॅब या इंजेक्शनास अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्यता मिळाली. नकळत पोटात गेलेल्या अल्प मात्रेची प्रतिक्रिया त्याने सौम्य होते. पथ्य सुटत नाही, आणि किंमत आमच्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे.

ॲलर्जी ताटापुरती नसते. ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार आपण विघ्न आणण्याच्या अर्थी वापरतो, पण बिब्बा अंगावर उतलेले रुग्ण आजही त्वचारोग विभागात येतात. काजूच्या टरफलाचे तेल हाताळणाऱ्या कामगारांचे हात त्याच जातीच्या रसायनांनी सोलवटतात. गाजर गवत पुण्यात प्रथम नोंदले गेले ते १९५० च्या दशकाच्या मध्यास; त्याचे कण हवेतून उडून शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर व कोपरांच्या खोबणीत चिवट इसब आणतात. ही ॲलर्जी मंदगतीची आहे. तिचा आय-जी-ईशी संबंध नसतो, म्हणून रक्ततपासणीत ती सापडणारही नाही. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी त्या काढून पाहणे, हीच तिची चाचणी. औषधांच्या बाबतीत प्रकार उलट आहे. अमेरिकेतील अनुभव असा की, ज्यांच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते, त्यांपैकी दहांत नऊ जणांना रीतसर तपासणीअंती ते औषध सोसते. तरीही तो शिक्का जन्मभर राहतो आणि महागडी प्रतिजैविके वापरावी लागतात. म्हणून आमच्या नव्या केसपेपरवर ‘ॲलर्जी’ या रकान्यात केवळ औषधाचे नाव चालत नाही. कोणत्या साली, काय झाले, हेही लिहावे लागते.

मातोश्रींच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीचा विनियोग आता पुढीलप्रमाणे होत आहे. प्रत्येक कक्षात, क्ष-किरण विभागात आणि लसीकरणाच्या खोलीत ॲड्रेनलिनचा संच भिंतीवर लावला आहे. कुपीची मुदत दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तपासून नोंदवहीत सही होते. त्वचाचाचणीच्या अर्कांसाठी स्वतंत्र शीतकपाट घेतले आहे. आठवड्यातून एक दिवस देखरेखीखाली खाऊ घालण्याच्या चाचणीसाठी दोन खाटा राखल्या आहेत आणि निर्धन रुग्णांकडून त्याचे शुल्क घेतले जात नाही. आहारतज्ज्ञ भगिनींचे निम्मे मानधनही याच निधीतून दिले जाते. यंत्राला जशी नावाची पाटी लावता आली असती, तशी यांपैकी कशालाच लावण्यासारखी नाही. देणगीदार महोदयांना ते आम्ही सांगितले, तेव्हा ते म्हणाले की, आईला पाट्यांचे वावडेच होते.

तपासणीसाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी येताना जुने कागद जरूर आणावेत. त्याहून अगत्याने, शेवटच्या प्रसंगी काय खाल्ले व किती वेळाने काय झाले, हे लिहून आणावे. पुडक्यातील पदार्थ असेल तर वेष्टन जपून ठेवावे. अंगावर गांधी उठल्या असतील तर भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवावे, कारण डॉक्टरांसमोर येईपर्यंत त्या बहुधा मावळलेल्या असतात.

सभेनंतर शेजारच्या दालनात अल्पोपाहाराची व्यवस्था आहे. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचे कूट आहे, बर्फीत काजू आहे आणि उपमा निराळ्या कढईत केलेला आहे. प्रत्येक पातेल्यापुढे तशी पाटी लावली आहे; शंका असल्यास वाढणाऱ्या भगिनींना विचारावे.